डाव्या बाजूचे तीन नट

धार,
भाद्रपद वद्य द्वादशी

प्रिय मालोजी,

अनेक आशीर्वाद शेवटी लिहीन, उरलेच तर. आधी शिव्या खा. काल दुपारी कमलचा फोन आला. परवा दशमीला आबांचं श्राद्ध झालं, पानं उठली, आणि तू हात धुऊन सरळ वर्कशॉपात गेलास म्हणे. भिंतीवरची हत्यारं उतरवलीस. गोटी पाने, रिंग पाने, पुलर, आबांचा लाकडी दांड्याचा हातोडा, सगळं युरियाच्या रिकाम्या गोण्यांत कोंबून तोंडं सुतळीने आवळलीस. सर्वपित्री झाली की भंगारवाला येणार. जागेत कोणी सीटकव्हरं आणि गाडीत टांगायची अत्तरं विकणारा बसणार. आणि तू काय करणार? तर कमल म्हणाली, "काहीच नाही ताई, ते म्हणतात आता पान्याला हात लावणार नाही." शी! ऐकून किळस आली मला. आपल्या बापाने त्या हत्यारांवर चार पोटं भरली, तुला-मला शिकवलं, माझं लग्न लावून दिलं, आणि तू ती किलोवर घालायला निघालास? तुझ्या जिभेला काही हाड?

फोन करणार होते. दोनदा नंबर लावला आणि दोनदा कापला. तू फोनवर नुसता "हं, हं" करत राहतोस आणि मला माझाच आवाज ऐकून जास्त चेव येतो. म्हणून लिहितेय. वर्षभर आपण बोललो नाही. राखी गेली, भाऊबीज गेली, माझ्या सासूबाईंच्या, अक्कांच्या, वाढदिवसाला तुझा साधा निरोपही आला नाही, आणि तो यावा असं आमच्याकडून कोणी म्हटलंही नाही. हर्षित तर घरात मामाचं नाव निघालं की ताट सोडून उठतो. हे सगळं त्या गाडीवरून. आता वर्कशॉपसुद्धा त्या गाडीवरूनच बंद होणार असेल, तर मला जे लिहायचं आहे ते सर्वपित्रीच्या आत तुझ्या हातात पडलं पाहिजे.

त्या लाल दांड्यापासूनच सुरुवात करते. आठवतो ना, गेल्या भाद्रपदात हर्षितने इंदूरहून आणलेला? थर्माकोलच्या खोक्यात, नवरीचा चुडा आणावा तसा. आमची पांढरी एस्टीम त्याच्या जन्माच्या आधीची. तुझ्या दाजींनी घेतली तेव्हा धारमध्ये लोक थांबून बघायचे, आता पासिंग करून आणायचं म्हटलं तरी आरटीओतला कारकून हसतो. पण पोराचा जीव तिच्यावर. मोबाईलवर काय काय बघून त्याच्या डोक्यात बसलं की जुन्या गाडीची बॉडी वळणावर लचकते, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांचे शॉकर वर जिथे बॉडीला मिळतात त्या दोन माथ्यांमध्ये आडवा दांडा कसला, की गाडी ताठ राहते. "मम्मी, टर्न में ऐसी चिपकून चालते ना गाडी, तू बघच." चिपकून! दांड्यावर दोन्ही बाजूंना चांदीच्या अक्षरांत कसलीशी नावं, आणि बरोबर सहा लाल प्लास्टिकच्या टोप्या, नटांवर घालायला. नट दिसले तर म्हणे शोभा जाते. मी तेव्हाच म्हटलं होतं, नटाला टोपी घालणारा माणूस उद्या भाकरीला झालर लावेल.

पण खोटं कशाला बोलू, दांडा वाईट नव्हता. काम खरंच करतो तो. आबांनीच नव्हता का केला? तू पाचवी-सहावीत असशील, धारच्या एका टॅक्सीवाल्याने मांडूच्या घाटात गाडी डोलते म्हणून तक्रार केली होती. आबांनी बोनेट उघडून आधी दोन्ही माथ्यांवरून तळहात फिरवला, अगदी सावकाश, डोळे मिटून. मग पाण्याचा जाड पाइप कापला, दोन टोकांना पत्र्याच्या जाड चकत्या वेल्ड केल्या, काळा रंग मारला आणि बसवला. मी कंदील धरून उभी होते. त्या टॅक्सीवाल्याने नंतर चार जणांना आणलं. त्या काळ्या पाइपावर कोणाचं नाव नव्हतं. आबा म्हणायचे, आधी हात फिरव, मग पाना फिरव. माथाच गंजला असेल तर दांडा काय धरणार, कपाळ?

तूही गेल्या नवरात्रात अष्टमीला तेच केलंस, हे मला माहीत आहे. मी तिथे होते. दर वर्षी खंडेनवमीला देवासला माहेरी यायचं आणि हत्यारांची पूजा मी मांडायची, हे आई गेल्यापासून ठरलेलं. हर्षित गाडी घेऊन माझ्याबरोबर आला होता. तू आधी माथ्यांवरून हात फिरवलास, डावीकडे थांबलास आणि हर्षितला म्हणालास, "इथे जरा गंज आहे भिया, पण पत्रा शाबूत आहे." उजवे तीन नट काढलेस, दांड्याची चकती बसवलीस, आबांच्या कट्ट पान्याने कसलेस. कट्ट, कट्ट, कट्ट. ठरलेला जोर लागला की वाजतो तो आवाज ऐकून मी लहान असताना टाळ्या वाजवायची. मग डावीकडे आलास आणि दुसराच नट काढताना, नट ज्यावर फिरतो तो गंजलेला स्टडच तुटून हातात आला. टेकडीवर अष्टमीची गर्दी, सगळा बाजार देवीला गेलेला. लेथ चालवणारा खरादवाला म्हणाला, उद्या दुपारी स्टड करून देतो. तू बोनेट पाडलंस. इथपर्यंत तुझं काही चुकलं नाही.

आता पुढचं. दसऱ्याला सकाळी धारला आमच्या अंगणात गाडीची पूजा झाली. झेंडू, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. अक्कांनी टायरवर स्वस्तिक काढलं. हर्षितने बोनेट उघडून शेजारपाजारच्या पोरांना दांडा दाखवला, सहाही लाल टोप्या चमकत होत्या, पोरं म्हणाली, "भिया, क्या बात है." मग मांडूला रामाच्या दर्शनाला जायचं ठरलं. मी पुढे, अक्का मागे. नालछा गेलं तोवर मी ऐकत होते, पुढून डावीकडून खटक, खटक. मिस्त्रीची पोर मी, मला कळायला हवं होतं. मी म्हटलंही, "हर्षित, काहीतरी वाजतंय." तो म्हणाला, "मम्मी, तो नवीन दांड्याचा आवाज, बसेल हळूहळू." आणि काकडा खोहच्या अलीकडच्या वळणावर, जिथे एका बाजूला दरी आहे, एका खड्ड्यात चाक पडलं आणि गाडी आपली आपण डावीकडे ओढली गेली. कठडा होता म्हणून हे पत्र लिहितेय. दिवा फुटला, मडगार्ड आत गेलं, अक्कांचा हात सीटच्या कडेवर आपटून मनगटात मोडला, हर्षितच्या भुवईवर तीन टाके. मी खाली उतरले, बोनेट उघडलं आणि डावीकडच्या लाल टोप्या उपटून काढल्या. एक नट टोपीसकट नव्हताच. उरलेले दोन मी चिमटीत धरून फिरवले आणि ते फिरले.

तिथेच रस्त्याच्या कडेला मला उलटी झाली. लोकांना वाटलं भीतीने झाली. ती भीती नव्हती मालोजी. त्या टोप्यांची, त्या चांदीच्या अक्षरांची, त्या सगळ्या नटव्या थाटाची शिसारी आली होती मला. आणि दुसरीही एक शिसारी होती. तिच्याकडे येते मी, पळून जात नाही.

दवाखान्यात तू संध्याकाळी आलास. देवासहून मोटरसायकलवर, अंगावर दसऱ्याचा नवा शर्ट, खिशात आपट्याची पानं. दाजींनी सगळ्यांसमोर विचारलं, "डावे नट कोणी कसले होते?" तू म्हणालास, "मीच. डिकीतल्या चपट्या पान्याने. माझी चूक झाली." एवढंच. आणि एकदा माझ्याकडे बघितलंस. मी अक्कांच्या गळ्यातली झोळी सारखी करत होते. तू आणखी काही बोलशील म्हणून मी वाट पाहिली, आणि तू बोलला नाहीस, तेव्हा मी तोंड उघडलं. काय म्हणाले ते तुला पाठ असेल. "ह्याला पुन्हा आमच्या दारात उभं करू नका." सख्ख्या बहिणीने, भर दवाखान्यात, दसऱ्याच्या दिवशी. तू सोनं दिलंच नाहीस कोणाला. पानं खिशातच घेऊन गेलास.

त्यानंतर ह्या घरात जे बोललं गेलं ते तुझ्या कानावर गेलं नाही, बरं झालं. तुझे दाजी तसे वाईट नाहीत, पण दरबारी फडणिशीचं घराणं, आवाज न चढवता बोचकारायची सवय. "तुमच्या घराण्याने तलवारींना धार लावली, तेवढंच करायचं होतं." धाकट्या जाऊबाई माझ्यादेखत म्हणाल्या, "मिस्त्री तो मिस्त्रीच." आणि मी? मी भाजी चिरत होते, चिरत राहिले. तीस वर्षांपूर्वी ह्याच घरात मी छाती काढून सांगितलं होतं की आमचे पणजोबा देवासच्या पवारांचे शिकलगार, त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही हत्यार दसऱ्याला मिरवलं नाही. ती मी, माझ्या भावाला मिस्त्री म्हणून हिणवताना ऐकून घेत होते आणि दुधी चिरत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ माझी होती आणि झाकलेलं काय आहे ते फक्त तुला नि मला माहीत होतं. थू.

तुझाही राग येतो, तो सोडत नाही मी. तुला ठाऊक होतं डावी बाजू कच्ची आहे. किल्ली पोराच्या हातात देताना तुझी जीभ का झडली होती? "हर्षित, गाडी हलवू नको" एवढे तीन-चार शब्द बोलायला काय पडलं होतं? ताईचा शब्द खाली पडेल म्हणून गप्प बसलास ना? असला भाऊ नको मला, जो बहिणीचा मान राखायला तिचं पोर दरीच्या कडेला पाठवतो. आणि चूक झाली तर चूक दुरुस्त करणारा हात पुन्हा चालवायचा की गोणीत बांधून भंगारात घालायचा? वर्षभर तू गाड्या परत पाठवत होतास, कमलने सांगितलं. नट कसताना हात कापतात म्हणे तुझे. एकेक नट पाच-पाच वेळा तपासतोस आणि तरी झोपत नाहीस. हे ऐकलं तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी हिंमत संपली.

तर आता नवमीचं. तुला आठवतंच आहे, पण मला ते माझ्या हाताने लिहायचं आहे. दुपारी दोनला पूजा मांडून झाली होती. लाल कापड, त्यावर आबांची सगळी हत्यारं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, मधोमध कट्ट पाना, भोवती झेंडूची वेल, समोर मी दीड तास बसून काढलेली रांगोळी. त्या वर्षी मला ती पूजा फार सुरेख साधली होती. आमच्या धारच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर 'आपल्या घराण्याची परंपरा' म्हणून फोटो टाकायचे होते, आणि मी फोटोसाठी ऊन उतरायची वाट बघत होते. तेवढ्यात तू स्टड घेऊन आलास. तो बसवून दारातूनच म्हणालास, "ताई, एकच पाना काढू का पूजेतला? तीन नट राहिलेत. पाच मिनिटं." आणि मी काय म्हणाले? "नवमीला पूजेतलं हत्यार उचलायचं नाही. आबांचा नियम आहे, लाज वाटू दे." तू म्हणालास, "गाडी आज धारला जायची आहे." मी म्हणाले, "डिकीत पाना असेल ना, त्याने कस. तो काही पूजेत नाहीये." मी म्हणाले, मालोजी. तो चपटा पाना तुला मी सुचवला. तू जाऊन डिकी उघडलीस. मागून मी फोटो काढले. बत्तीस बायकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली.

आणि सगळ्यात घाणेरडी गोष्ट ही की नियम मला पुरता माहीत होता. मी आठ वर्षांची होते, तू पाळण्यात. खंडेनवमीचीच संध्याकाळ. भोपाळ चौराह्याकडून एक जीप ढकलत आणली होती, पुढचं चाक वाकडं झालेलं, आत एक बाई बाळंतपणाच्या कळा देत होती. आबा क्षणभरसुद्धा थांबले नाहीत. पूजेतून जॅक उचलला, पाना उचलला, दोघांवर हळदकुंकू तसंच होतं. आई म्हणाली, "अहो, पूजेतलं!" आबा गाडीखालून ओरडले, "पूजा कशासाठी करतो मग?" जीप गेल्यावर त्यांनी हात पुसले आणि मला समजावून सांगितलं. नवमीला हत्यार ठेवायचं म्हणजे अष्टमीपर्यंत हातातलं प्रत्येक काम पुरं करायचं. अर्धी गाडी दारात उभी असेल तर पूजा खोटी. म्हणून तर ते अष्टमीला नवी गाडी हातात घेत नसत, आठवतं? नियम कामाचा होता. मी त्यातलं 'उचलायचं नाही' तेवढं लक्षात ठेवलं, कारण तेवढंच फोटोत येतं. पोराच्या लाल टोप्यांना नावं ठेवणारी मी, बापाच्या पान्याला टोपी घालून बसले होते.

दवाखान्यात तू माझ्याकडे बघितलंस ते ह्यासाठी. मी बोलेन म्हणून. आणि मी बोलले ते असं बोलले.

काल कमलचा फोन ठेवला आणि संध्याकाळी दिवा लागल्यावर तिघांना ओसरीवर बसवलं. दाजी, अक्का, हर्षित. हे वर लिहिलंय ते सगळं, अगदी दुधी चिरण्यापर्यंत, सांगितलं. दाजी सगळं ऐकून उठले, चष्मा पुसला, पुन्हा बसले, म्हणाले, "वर्षभर तू हे पोटात ठेवून आमच्या शेजारी जेवत होतीस?" मी हो म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत. मी समजूत घातली नाही, तो त्यांचा हक्क आहे. अक्कांनी आपलं न वळणारं मनगट मांडीवर घेऊन मला विचारलं, "त्या बाईला मुलगा झाला की मुलगी, कळलं का गं पुढे?" मला माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "माझा हात मोडला तो तुझ्या त्या भावाने, हे मी देवाला वर्षभर सांगत होते. आता देवाला काय सांगू, तू सांग." मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं तर त्यांनी पाय ओढून घेतले. हर्षित मात्र ताडकन उठला. अंगणात गेला, वर्षभर गाडीवर टाकलेली ताडपत्री ओढून काढली, बोनेट उघडलं आणि नुसता बघत उभा राहिला. मग आत येऊन म्हणाला, "मम्मी, मामाने एकदा पण तुझं नाव नाही घेतलं? एकदा पण?" आणि माझ्यासमोर जो रडलाय तो बावीस वर्षांचा घोडा, मालोजी, मला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

तर पत्राचं कारण आता ऐक. हे पत्र टपालाने येत नाहीये. हर्षित स्वतः घेऊन येतोय. हे वाचताना तो तुझ्या दारात उभा असेल, कारण तू आत बोलावल्याशिवाय आत जायचं नाही असं मी त्याला बजावलंय. त्याचं मराठी वाचन यथातथाच, हिंदी शाळेचं फळ, तरी आज हे सगळं त्याने माझ्याकडून अक्षर अक्षर वाचून घेतलंय, तेव्हा त्याच्यापासून काही लपवायला जाऊ नकोस. त्याला गोण्या उचलायला पाठवलंय. भंगारवाल्याला नाही सांग. गोण्या घेऊन, कमलला घेऊन तू इकडे ये. ह्या वर्षी खंडेनवमी आमच्या अंगणात मांडणार आहे, त्या गाडीसमोर. काल रात्री न जेवलेल्या माणसाने आज सकाळी स्वतः झाडून जागा करून दिली आहे. मडगार्ड, दिवा, सगळं जसं आपटलं तसंच आहे. डावीकडे आत दोन नट जसे सैल होते तसेच आहेत, तिसरा हर्षितने आजच नवा आणून ठेवलाय. कोणी पाना लावलेला नाही. माथ्यावरून आधी हात फिरव. हात कापले तर कापू देत, मी कंदील धरून उभी राहीन. पूजा मांडून झाली, हळदकुंकू वाहून झालं, की त्या पूजेतून आबांचा कट्ट पाना मी माझ्या हाताने उचलून तुझ्या हातात देणार आहे, सगळ्यांच्या देखत. तीनदा कट्ट वाजला पाहिजे. फोटो कोणी काढणार नाही.

आशीर्वाद उरले आहेत, सगळेच्या सगळे तुला आणि कमलला. आणि दारातल्या पोराला आधी पाणी दे, उन्हातून आलंय.

तुझीच, लायकी नसताना अजून तुझ्याहून मोठी,
ताई